खुर्चीला सोडलेला अर्धा इंच

टेप चित्रकलेच्या प्राथमिक वर्गात पहिल्या श्रेणीत पास झाला. त्याने काढलेली खुर्ची काचेच्या फ्रेमीत घालून संस्थेच्या जिन्यात लावली, आणि घरी येऊन त्याने ते आईला सांगितलं.

झालं. आता हे काहीच घडलेलं नाही असं धरून आपण पुढे जाऊ. तो अजून पास झालेला नाही, त्याला काहीही काढता येत नाही, आणि शनिवारची सकाळ आहे.

टेप हा धंद्याने कटर. कपडे शिवायच्या कारखान्यात शिवणारे वेगळे आणि कापणारा वेगळा, टेप कापणारा. वर्गातल्या लोकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव टेप ठेवलं, कारण मापाची टेप त्याच्या गळ्यात असे आणि ती काढून ठेवायची त्याला आठवण नसे. एकदा तो टेपेसकट अंघोळ करून बसला होता. तेव्हापासून तिचे पहिले तीन इंच जरा आखूड भरत. नवीन घेण्यापेक्षा तो ते मनातल्या मनात मिळवून घेई.

त्याची थोरली बहीण, ताई, दोन वर्षांपूर्वी गेली. ती त्याच कारखान्यात शिवायची. तिचं मशीन खिडकीकडे तोंड करून आणि त्याचं कापायचं टेबल तिच्या मागे. आठ वर्षं त्याने कापलं, आठ वर्षं तिने शिवलं, आणि आठ वर्षं त्याने तिची पाठ पाहिली. शेवटच्या मंगळवारी तो कापडाचा गठ्ठा आणायला निघाला आणि दारातून म्हणाला, "ताई, येतो गं."

"थांब जरा," ती म्हणाली. "एवढी शिलाई संपू दे."

शिलाई अर्ध्यात असताना ती मान वळवत नसे. बाही जोडत होती. फार तर दोन मिनिटांचं काम. तो थांबला नाही. परत आला तेव्हा मशीनपाशी शेजारच्या दुकानांतली माणसं गोळा झालेली होती. पुढे हॉस्पिटलात त्याला जे दाखवलं ते त्याने बघितलं, सांगतील तिथे सह्याही केल्या, पण तो काही ताईचा चेहरा म्हणून त्याने धरलेला नाही.

घरात फोटो एकच होता, ओळखपत्रासाठी काढलेला. मोठा करताना स्टुडिओवाल्याने मनापासून मेहनत घेतली. गालावरचा तीळ पुसला, भुवया सारख्या केल्या, रंग दोन पायऱ्या वर नेला आणि अंगात कोट चढवला. ताईने जन्मात कोट घातला नव्हता, शिवले मात्र शेकड्यांनी. आणि हा कोट असा, की त्याची डावी कॉलर उजवीपेक्षा पाऊण इंच मोठी.

"ही बाई कोण?" आईने विचारलं.

"ताई."

"असला कोट अंगात घालून ती फोटोला बसेल? शिवणाऱ्याच्या तोंडावर फेकून मारेल." फोटो भिंतीवर लागला, पण पाहुणा राहावा तसा राहिला. आई त्याच्याकडे बघून कधी काही बोलली नाही.

मग एका दुपारी कोटांना बटणं लावता लावता (कारखान्याची काज-बटणं आई घरी करते) ती म्हणाली, "तू चित्रकला शिकून घे. तिचं तोंड काढून दे मला. एवढं केलंस की माझं काही मागणं नाही."

"मला साधा गोल काढता येत नाही, आई."

"गळा कापतोस तो काय चौकोनी?"

तो नाव नोंदवून आला.

अडचण एवढीच होती की ताई त्याला सगळी पाठ होती, फक्त चेहरा नव्हता. खांदा साडेचौदा, बाही जोडायचा मुंढा साडेआठ, पाठीची उंची पंधरा, डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच उतरलेला. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण मापं गळ्यापाशी संपतात. त्याच्या वर काय असतं याच्याशी कटरचा संबंध येत नाही. तिथून पुढचा भाग न्हाव्याकडे. घरी हे सांगायची सोय नव्हती. आईला वाटत होतं, चेहरा त्याच्याकडे आहे, फक्त हाताला वळण नाही.

वर्ग संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर, बारा शनिवारांचा. शिकवायला एक बाई होत्या. त्यांच्या बोटांना कोळशाचा रंग इतका मुरलेला, की हात धुऊन आल्या तरी न धुतल्यासारख्या वाटत. त्यांचं म्हणणं असं की नवशिक्याला फुलं, फळं, माणसं काही देऊ नये. त्या बारा शनिवार एकच वस्तू काढायला लावत. खोलीच्या मधोमध एक लाकडी खुर्ची. पाठीला तीन आडव्या पट्ट्या, हात नाहीत, एक पाय जरा आखूड म्हणून त्याच्याखाली कागदाची घडी.

"एक खुर्ची आली, की सगळं जग आलं," बाई म्हणत.

"आणि नाही आली तर?" एकाने विचारलं.

"तर बसायला शिका."

हा विचारणारा म्हणजे निवृत्त पोस्टमन. सगळे त्याला पोस्टमनकाका म्हणत. काका कुठलंही चित्र काढताना कागदाचा उजवीकडचा वरचा कोपरा कोरा सोडत, तिकिटासाठी. पलीकडे एक नर्स बसायची. तिची खुर्ची दर वेळी आडवी झोपलेली यायची. बाई म्हणायच्या, प्रत्येक जण आपापल्या धंद्याची चूक घेऊन येतो, ती निघाली की तो शिकला.

टेपची चूक दुसऱ्या शनिवारी सापडली. पहिल्या शनिवारी नुसत्या रेघा झाल्या होत्या. दुसऱ्या शनिवारी बाई म्हणाल्या, "खुर्ची काढायचीच नाही. खुर्चीतली हवा काढायची. पट्ट्यांमधल्या फटी, पायांमधली जागा, पाठीच्या वरची जागा. त्या शाईने भरा. हवा नीट आली की मध्ये खुर्ची आपोआप उरते."

सगळ्यांच्या कागदावर कमी-जास्त खुर्च्या उरल्या. नर्सची झोपलेली उरली. टेपच्या कागदावर काहीच उरलं नाही. सगळी हवा एकमेकींत मिसळून एकच मोठा काळा आकार झाला होता.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"हवा."

"आणि लाकूड कुठे गेलं?"

"मायेत गेलं."

"कशात?"

"माया, बाई. कापताना मापाच्या बाहेर अर्धा इंच सोडतो ना, शिलाईसाठी. प्रत्येक हवेला सोडली."

"खुर्ची शिवायची नाहीये आपल्याला."

"हो. पण चिकटून कापलं की पुढे कमी पडतं."

बाई कागदाकडे बघत राहिल्या आणि दुसऱ्याकडे वळल्या. पोस्टमनकाका मात्र वाकून म्हणाले, "कोण बसलंय?"

"कोणी नाही."

"बरं," काका म्हणाले. "घरात माणूस नसलं तरी घर कोणाचं ते दारावरून कळतं. तीस वर्षं मी तेच केलं."

टेपने तो कागद हातभर लांब धरला. काळ्या आकाराला खांदे होते. वर मान होती, मानेवर केसांच्या बुचड्याएवढा गोळा. त्याने गळ्यातली टेप काढली. खऱ्या खुर्चीची पाठ सोळा इंच, कागदावर चार. म्हणजे सगळं चौपट करायचं. खांदे चौपट केले तर साडेचौदा आले. टेपेचे सुरुवातीचे तीन इंच आखूड भरतात म्हणून त्याने दुसऱ्या टोकाकडून मोजलं. साडेचौदाच. डावा खांदा अर्धा इंच खाली.

त्याने टेप परत गळ्यात घातली, कारण तिचं दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

कागद घरी आला. त्याने आईला काही सांगितलं नाही, नुसता कागद टेबलावर ठेवला. आईने बटणाची सुई कोटात टोचून ठेवली, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि म्हणाली, "बघ कशी बसलीय. सांगून सांगून थकले, पाठ सरळ ठेव, पाठ सरळ ठेव."

मग सुई परत उचलली. त्या दिवशी तिने नेहमीपेक्षा सहा कोट जास्त केले.

तिसऱ्या शनिवारी कोळसा होता. चौथ्या शनिवारी ब्रश. हत्यार बदललं तरी खुर्ची तीच आणि टेपचा अर्धा इंच तोच. त्याला खरंच सोडायचा नसे. तो मनाशी ठरवून बसायचा, की आज लाकडाच्या कडेलाच रेघ टेकवायची. पण हात कडेपाशी आला की आपोआप बाहेर सरकायचा. दहा वर्षांची सवय. आणि दर शनिवारी तो आकार खुर्चीत यायचा. फक्त एक होतं. खांदे कमी भरत होते. तिसऱ्या शनिवारी चौदाला जरा कमी. चौथ्या शनिवारी तेरा. पाचव्याला साडेअकरा, आणि डोक्याच्या बाजूला एक बारीक टोक बाहेर आलेलं.

"बारीक होत चालली," टेप म्हणाला. मेलेल्या माणसाचं वजन कमी होत असेल तर ते कुठे थांबतं, हे त्याला माहीत नव्हतं.

आईने कागद उजेडाकडे धरला. "बारीक नाही. वळतेय."

"कशावरून?"

"हे टोक म्हणजे ती कानामागे खोचायची तो खडू. पाठमोरी असताना दिसत नव्हता." आणि मग ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "शिलाई संपली असेल तिची."

आपल्याला थांबायला सांगितलं होतं, हे त्याने आईला कधी सांगितलेलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग आता तरी थांब."

तेव्हापासून घरात शनिवार हा एकच वार राहिला. बाकीचे सहा नुसते त्याच्या वाटेवर असायचे. टेप जिना चढायच्या आधीच आई दार उघडून विचारायची, "कुठपर्यंत आली?" कागद भिंतीवर ओळीने लागले. कोटातल्या बाईला आईने खाली उतरवून कपाटावर ठेवलं, तेही सन्मानाने, पाहुण्याला पोचवायला जावं तसं. सहाव्या शनिवारी साडेनऊ. सातव्या शनिवारी आठ: पूर्ण बाजू. काळ्या शाईत नाकाचा शेंडा आणि हनुवटी, आत काही नाही. टेपने कापायच्या खडूने टेबलावर हिशेब मांडला. पाठीपासून बाजूपर्यंत यायला पाच शनिवार लागले. बाजूपासून समोर यायला आणखी पाच. म्हणजे बाराव्या शनिवारी. आणि वर्गही बारा शनिवारांचाच. आयुष्यात कापड इतकं बरोबर पुरल्याचं त्याला आठवत नव्हतं.

आठव्या शनिवारी खांदे परत नऊ झाले, आता पलीकडच्या अंगाने. गालाचा एक कोपरा शाई न पोचल्यामुळे उजळ राहिला होता आणि त्यात एक बारीक ठिपका पडला होता.

"शिंतोडा असेल," टेप म्हणाला.

"तीळ," आई म्हणाली.

नवव्या शनिवारी बाईंनी त्याच्या शेजारी स्टूल ओढलं.

"तू माझ्या वर्गातला सगळ्यात मेहनती विद्यार्थी आहेस," त्या म्हणाल्या, "आणि सगळ्यात वाईट. आज मी तुझी ती माया काढणार."

"राहू दे, बाई."

"राहू दे काय? माझी पंचवीस वर्षं झाली शिकवण्यात. नर्सबाईंची खुर्चीसुद्धा उठून बसली." हे खरं होतं, नर्सची खुर्ची मागच्या आठवड्यात उशीला टेकून बसल्यासारखी आली होती. बाईंनी टेपच्या गळ्यातली टेप काढली, गुंडाळली आणि आपल्या टेबलाच्या खणात टाकली. "आता कागदाकडे बघायचं नाही. खुर्चीकडे बघ. पट्टीच्या कडेवरून डोळा मुंगीसारखा चालव आणि पेन्सिलही तेवढीच चालव. लाकूड संपलं की थांब."

त्याने बघितलं. गळ्यात टेप नसल्यामुळे मान हलकी आणि परकी वाटत होती. डोळा कडेवरून चालू लागला. लाकडाला एक बारीक खाच होती, ती त्याला नऊ शनिवारांत पहिल्यांदा दिसली. मग पट्टीचा कोपरा. मग लाकूड संपलं आणि हात थांबला. बाहेर सरकला नाही. नुसता थांबला.

"बघ आता," बाई म्हणाल्या.

कागदावर खुर्ची होती. तीन पट्ट्या, चार पाय, आखूड पायाखालची घडीसुद्धा. मधली हवा हवेच्या जागी, लाकूड लाकडाच्या जागी. इतकी खरी, की काका म्हणाले, "बसू का?" नर्स उठून बघायला आली. बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. आणि टेपला आनंद झाला. आतून, भरभरून, शाळेत असतानाही झाला नव्हता तसा. पंधरा-वीस मिनिटं तो त्या खुर्चीकडे बघत बसला, कडेची खाच परत परत बघितली, काकांना दाखवली. त्या पंधरा-वीस मिनिटांत आणखी काय झालं असेल हा विचार त्याच्या मनाला शिवला नाही.

ते त्याला जिन्यात आठवलं. टेप खणातच राहिली होती म्हणून तो परत वर गेला, आणि गळ्यात टेप घालताना त्याचा हात थांबला.

ताई आली नव्हती. आणि त्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

"कुठपर्यंत आली?" आईने दार उघडून विचारलं. त्याने कागद दिला. तिने तो उजेडाकडे धरला, मग उलटा केला, मागची बाजूही बघितली.

"खुर्ची छान काढलीस," ती म्हणाली.

"हो."

"अगदी खरी वाटते." तिने कागद आठव्या चित्राशेजारी लावला, सरळ आहे ना ते बघितलं आणि बटणं घेऊन बसली. चार बटणं झाली. पाचव्याला तिने दोरा तोडला आणि वर न बघता म्हणाली, "एक सांगू? मला तिचा चेहरा आठवत नाही."

टेप तिच्यासमोर खाली बसला.

"नाक आठवतं. तीळ आठवतो. पण एकत्र बसत नाहीत. एक धरलं की दुसरं पळतं. म्हणून तर तुला वर्गाला धाडलं. म्हटलं, तुझ्याकडे असेल."

"मला वाटलं, तुझ्याकडे आहे."

आईने चष्मा कपाळावर सारला. दोघांनी तो चेहरा दोन वर्षं एकमेकांच्या भरवशावर ठेवला होता, आणि आज तो दोघांकडेही नव्हता.

पुढचे तीन शनिवार टेपने जिवाचं रान केलं. मुद्दाम अर्धा इंच सोडला. पाऊण सोडला. टेप गळ्यात दोन वेढे देऊन बसला, डाव्या हाताने काढलं, डोळे मिटून काढलं. पण आता हाताला कड कळली होती. मुद्दाम केलेली चूक ही चूक नसते, ती डिझाइन असते. सोडलेल्या जागेत नुसती सोडलेली जागा यायची. बाई म्हणायच्या, "वा, आता प्रयोग करतोयस," आणि पुढच्याकडे जायच्या. बाराव्या शनिवारी, ज्या दिवशी ताईचं तोंड समोर यायचं, त्या दिवशी टेपने आयुष्यातली सगळ्यात रिकामी खुर्ची काढली. संस्थेने फ्रेमीत घातली ती हीच.

परीक्षा अशी नव्हतीच. प्रत्येकाने आपल्या कामावर दोन पानी चिंतन लिहून द्यायचं: काय काढलं, कुठे चुकलं, काय शिकलो. टेपने ते कापायच्या टेबलावर बसून लिहिलं, समोर अकरा कागद पसरून (बारावा बाईंनी ठेवून घेतला होता) आणि एकेक मोजून. त्याने ठरवलं होतं, सगळं खरं लिहायचं. नापास झालं की प्राथमिक वर्ग पुन्हा करावा लागतो, तसा नियमच आहे. पुन्हा पहिल्यापासून, काहीच न येणारा विद्यार्थी म्हणून बसलं, तर कदाचित हात विसरेल.

त्याने लिहिलं: "दुसऱ्या शनिवारच्या चित्रात खुर्ची आलेली नाही, माझी बहीण आली आहे, पाठमोरी. तिसऱ्या ते आठव्या शनिवारच्या चित्रांत ती वळत आहे. मापं मागे जोडली आहेत. नवव्या शनिवारी मी खुर्ची काढायला शिकलो. त्यामुळे ती गेली. यात बाईंचा दोष नाही. त्यांनी चांगलं शिकवलं. मी यातून काय शिकलो असं विचारलं आहे. मी हे शिकलो की मला थांब म्हटलेलं दोनदा ऐकू आलं आणि दोन्ही वेळा माझं लक्ष दुसरीकडे होतं. पुढे काय करायला आवडेल असं विचारलं आहे. पुढे काही करायला आवडणार नाही. मागे जायला आवडेल."

बाईंनी चिंतनाला वीसपैकी वीस गुण दिले. समासात लाल शाईने लिहिलं: "कल्पनाशक्ती उत्तम. मापं जोडण्याची युक्ती फारच छान." निकालाच्या दिवशी त्या स्वतः त्याला जिन्यात घेऊन गेल्या आणि काचेतली खुर्ची दाखवली.

"आता मध्यम वर्ग," त्या म्हणाल्या. "तिथे सुरई असते, आणि घड्या पडलेलं कापड. कापड काय, तुला घरचंच."

"खुर्ची नसते?"

"खुर्ची झाली की तुझी."

टेप खाली कार्यालयात गेला. तिथला कारकून डबा खात होता. त्याने झाकण लावलं आणि अदबीने ऐकून घेतलं.

"नापास व्हायचा अर्ज नाही आमच्याकडे," तो म्हणाला. "आजवर कोणी मागितला नाही. फेरतपासणीचा आहे, पण त्यात गुण वाढतात, नाहीतर तेवढेच राहतात. कमी होत नाहीत."

"आणि पास झालेल्याला प्राथमिकला परत बसता येतं?"

"येत नाही. एकदा आलं ते आलं. न आलेलं कसं करणार?" कारकुनाने थोडा विचार केला. "तुम्ही फेरतपासणीच्या अर्जावरच लिहून द्या. मी आवक नोंदवहीत घेतो. पुढे काय होईल ते सांगू शकत नाही. म्हणजे सांगू शकतो, पण तुम्ही एवढे जिने उतरून आलात."

त्याने छापील अर्ज आणि पेन पुढे केलं. वर्गाची खोली बरोबर डोक्यावर होती. नव्या तुकडीची बाकं सरकवल्याचा आवाज आला, मग मध्ये एकच काहीतरी, लाकडाचं, जरा डुगडुगून स्थिर झाल्याचा. टेपने त्या बाजूला न बघता लिहायला सुरुवात केली आणि या वेळी शेवटचं अक्षर होईपर्यंत मान वर केली नाही.

"मा. प्रमुख, मूल्यमापन समिती, यांच्या सेवेशी. विषय: मिळालेले कौशल्य परत करण्याबाबत.

महोदय, मी प्राथमिक वर्गाचा विद्यार्थी असून मला खुर्ची येऊ लागली आहे. नवव्या शनिवारी झालेली प्रगती ही माझ्या इच्छेविरुद्ध झाली असल्याने ती रद्द समजावी, माझी श्रेणी काढून घ्यावी, आणि माझ्या हातास जी कड कळली आहे ती संस्थेने जमा करून घेऊन पोच द्यावी. तदनंतर मला त्याच वर्गात, त्याच जागी, आठव्या शनिवारपासून पुढे चार शनिवार बसू द्यावे. त्याहून अधिक वेळ लागणार नाही. हिशेब सोबत जोडला आहे. घरी आई वाट पाहत असल्याने अर्ज तातडीचा समजावा.

तसेच, सदर अर्जावर निर्णय होईपर्यंत वर्गातील खुर्ची अन्य कोणासही बसण्यास देऊ नये, ही नम्र विनंती."